शेपटीवाला जे

इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्याच्या हाताखाली उभी उमर काढली आणि त्याची भीती मला लागली, शाई कपड्याला लागते तशी. धुतली, घासली, तरी डाग राहतोच. आता तो नाही, माझी बायको नाही, भीती तेवढी घरात राहिली. म्हणून लिहायला बसलो. मला लिहायची सवय नाही, शाळा चौथीपर्यंत. कुठं चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही त्याला मालक म्हणायचो. मुकुंदवाडीत, टेशनाच्या अलीकडं, पत्र्याच्या शेडमध्ये त्याचा छापखाना होता. मी आधी चितेगावला कंपनीत होतो, ती बंद पडली. लग्न नुकतंच झालेलं. मालकाला ट्रेडलवर माणूस पाहिजे होता. ट्रेडल म्हणजे पायानं चालवायचं छपाईचं मशीन. ते तोंडासारखं उघडतं आणि मिटतं, आपण एका हातानं कोरा कागद आत घालायचा, दुसऱ्या हातानं छापलेला काढायचा. वेळ चुकली की बोटं गेली. मला वाटलं, पहिल्या दिवशी मालक त्या मशीनबद्दल सांगेल. त्यानं मशीनकडं बघितलंही नाही. मला कोपऱ्यातल्या एका पेटीपाशी नेलं, आवाज खाली घेतला आणि म्हणाला, “मशीनमध्ये हात गेला तर दवाखाना आहे. ह्या पेटीत हात गेला तर त्याला इलाज नाही.”

ती पेटी तिरक्या इंग्रजी अक्षरांची. निजामाच्या राजवटीत त्याच्या वडलांनी हैदराबादहून आणलेली. उथळ, लाकडी, आत लहानमोठे खण, एकेका खणात एकेका अक्षराचे शिशाचे खिळे. बाकीच्या पेट्या मराठीच्या, उभ्या इंग्रजीच्या. त्यांना कुणीही हात लावावा. तिरकीवर मात्र धुतलेल्या धोतराचं पान पांघरलेलं असायचं, आणि ते पान काढायचं काम फक्त मालकाचं. काढताना तोंडाला रुमाल बांधायचा. शिंक येईल ही भीती. वर पत्र्यावर पाल दिसली तर काम थांबायचं, पाल जाईपर्यंत. ती पेटीत पडेल ही भीती.

अक्षर कसं होतं ते मी काय सांगणार. इंग्रजी मला वाचता येत नाही. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, म्हणून जी काही ओळखायला शिकलो ती उलटीच शिकलो. अजून दुकानाची पाटी बघितली की वाटतं, ह्यांनीच उलटी लावली. पण ते अक्षर देखणं होतं हे आंधळ्यालाही बोटानं कळलं असतं. साधं उभं अक्षर शिपायासारखं असतं, पायाखाली आडव्या टाचा, जागचं हलायचं नाही. हे पुढं झुकलेलं. बाई पदर सावरत घाईनं निघावी आणि कुणी हाक मारली म्हणून मान वळवावी, तसं. एकाच रेघेत कुठं जाड, कुठं केसासारखं बारीक. टाचांच्या जागी बारकेसे आकडे, एका अक्षरानं दुसऱ्याचं बोट धरावं तसे.

मालकाचं एक बोलणं ठरलेलं होतं. “उभं अक्षर माहिती देतं. तिरकं अक्षर हाक मारतं.” म्हणून तिरकी वापरायची ती फक्त नावाला. पत्रिकेवर नवरा-नवरीचं नाव तिरकीत, बाकी तारीख, मुहूर्त, पत्ता सगळं उभ्यात. डॉक्टरच्या कार्डावर नाव तिरकीत, दवाखान्याची वेळ उभ्यात. निवृत्त होणाऱ्या मास्तरांचं मानपत्र असलं तर मास्तरांचं नाव तिरकीत, कौतुक उभ्यात. त्यात बदल नाही.

एकदा एक ठेकेदार आला. नवीन हॉटेल काढत होता. गळ्यात साखळी, मागं दोन माणसं. त्याला उद्घाटनाची पत्रिका अख्खी तिरकीत पाहिजे होती, कारण ते अक्षर त्याला मेव्हणीच्या पत्रिकेवर आवडलं होतं. मालकाला तो येताना खिडकीतून दिसला. मला म्हणाला, “सांग, मी पैठणला गेलोय,” आणि कागदाच्या गठ्ठ्यामागं जाऊन बसला. मी सांगितलं. ठेकेदार म्हणाला, बसतो मी, आणि स्टूल ओढलं. बराच वेळ गेला. कागदाची धूळ नाकात गेली असंल, गठ्ठ्यामागून शिंक आली. ठेकेदार मला म्हणाला, “पैठण लई जवळ आलं की हो.”

मालक बाहेर आला. ठेकेदारानं जे मागितलं ते त्यानं ऐकून घेतलं, आणि मग थरथरत्या आवाजात म्हणाला, “साहेब, सगळेच हाका मारायला लागले तर ऐकणार कोण? तुमचं नाव तिरकीत करतो. भाजीचे भाव उभ्यात राहू द्या.” मला वाटलं, आता मार बसतो. ठेकेदार हसला आणि तयार झाला. तो गेल्यावर मालक पाणी प्यायला तर निम्मं अंगावर सांडलं. भित्रा होता, पण त्या पेटीपायी कुणालाही नाही म्हणायचा. हे कोडं मला लई वर्षं उलगडलं नाही.

आता ‘जे’ ह्या अक्षराचं सांगतो. ह्या सगळ्या गोष्टीत तोच आहे.

शिशाच्या खिळ्याचं अंग सरळ, चौकोनी असतं. अक्षर तिरकं. त्यामुळं काही अक्षरं स्वतःच्या अंगात मावत नाहीत. जे तसा आहे. त्याची शेपटी अंगाबाहेर लोंबते आणि शेजारच्या अक्षराच्या पायाशी जी मोकळी जागा असते तिच्यावर टेकते. शेजार नीट असला तर ती शेपटी वर्षानुवर्षं टिकते. शेजार नसला, किंवा शेजारी वाकडा बसला, की मशीनचा दाब पडतो आणि शेपटी जाते. आवाजसुद्धा होत नाही. पुढच्या कागदावर बुटका जे दिसला की कळायचं.

पेटी बनलेली विलायतेत. तिकडं बोलण्यात जे फारसा लागत नाही म्हणे, म्हणून पेटीबरोबर जेचे खिळे देतात ते मूठभर. आणि आपल्याकडं बघा. विजय, संजय, मनोज, अर्जुन, राजेंद्र, अंजली, सरोज. लग्नसराईत एकेका पत्रिकेत दोन्हीकडून जे. वर ते अक्षर ओतणारे कारखाने कधीच बंद पडलेले. मोडला तो कायमचा गेला. मालकानं चांगले जे पेटीतून काढून पावडरच्या डब्यात कापूस घालून ठेवले होते. लागतील तसे चिमट्यानं काढायचा, काम झालं की परत कापसात.

माझ्या हातून शेपटी मोडली तर तो शिवी द्यायचा नाही. दिली असती तर बरं होतं. मोडका खिळा उचलून सदऱ्याच्या खिशात टाकायचा आणि त्या दिवशी जेवणाचा डबा उघडायचा नाही. ट्रेडलवर पाय ठेवायच्या आधी फर्म्यात, म्हणजे चौकटीत आवळलेल्या मजकुरात, जेचा खिळा आहे का ते बघायचो. असला तर देवाचं नाव घेऊन दाब द्यायचो. बोटं मशीनखाली जातील ही भीती राहिलीच नाही, शेपटीची भीती तिला खाऊन गेली.

त्यात छापखाना रुळाच्या कडेला. भाडं कमी म्हणून घेतलेला. गाडी आली की शेड थरथरायची आणि सगळ्या पेट्यांमधून खिळ्यांचा बारीक आवाज यायचा, दातावर दात वाजल्यासारखा. मालकाला सगळ्या गाड्यांच्या वेळा पाठ होत्या. गाडी यायच्या आधी तो हातातलं काम टाकायचा, तिरकीजवळ जायचा आणि दोन्ही तळवे तिच्यावर पालथे ठेवून उभा राहायचा. बुजऱ्या वासराच्या पाठीवर हात ठेवतात तसा. गाडी गेली की पुन्हा कामाला. गिऱ्हाईक समोर असलं तरी हेच. गिऱ्हाईकाला वाटायचं पूजा करतोय.

आणखी एक नियम होता, त्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटायची. कुणाचंही नाव तिरकीत जुळवलं की ते दिवेलागणीच्या आत मोडायचं. मोडायचं म्हणजे खिळ्यांभोवती आवळलेला दोरा सोडायचा आणि एकेक खिळा आपापल्या खणात परत टाकायचा. उद्या त्याच पत्रिकेच्या आणखी प्रती काढायच्या असल्या तरी आज मोडायचं आणि उद्या पुन्हा जुळवायचं. “नाव रात्रभर आवळून ठेवू नये,” एवढंच तो सांगायचा. आणि आजारी माणसाचं नाव तर तिरकीत घ्यायचंच नाही. एका डॉक्टरचं कार्ड करायला घेतलं होतं, डॉक्टर स्वतःच दवाखान्यात भरती झाल्याचं कळलं, तर मालकानं काम परत केलं. का, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

माझ्या बायकोला मात्र कशाची भीती नव्हती. मंजुळा तिचं नाव. दुपारी डबा घेऊन यायची आणि मी जेवेपर्यंत पेटीपासून हातभर लांब उभी राहून बघत बसायची. पहिल्यांदा मालक कावराबावरा झाला, बाईच्या बांगड्या वाजतात, त्यानं काही होईल का म्हणून. ती म्हणाली, “मालक, एवढी नाजूक पोरगी हाय तर काजळाचा टिपका लावा, दिष्ट लागंल.” थट्टा होती. दुसऱ्या दिवशी मी बघितलं तर पेटीच्या कोपऱ्यावर काळ्या शाईचा टिपका. पुढं तो पुसट झाला की तीच त्याला आठवण करून द्यायची.

मग कॉम्प्युटर आले. कामं कमी झाली, ट्रेडल विकलं, शेड सोडली. मालक गारखेड्याला मुलाच्या घरी राहायला गेला. बरोबर फक्त तिरकी पेटी नेली. व्हरांड्यात टेबलावर ठेवली, वर धोतराचं पान. मी एका गोदामावर राखणीला लागलो. सणावाराला भेटायला जायचो. शहराचं नाव बदललं त्या वेळी गेलो होतो. लोक काय काय बोलत होते. मालक पेटीजवळ बसलेला, तोंड उतरलेलं. म्हणाला, “गावाच्या नावात जे आला रे. आता प्रत्येक पत्रिकेला एक जे नुसता गावाला.” छपाई बंद होऊन वर्षं झाली होती. तरी तो हिशेब त्याला सुटला नव्हता.

मंजुळाच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरनं माझ्याशी बोलायचं सोडून आमच्या मुलाला बाजूला नेलं, तेव्हाच मी समजलो. त्या दिवशी दवाखान्यातून रिक्षात बसलो आणि ती रिक्षावाल्याला म्हणाली, गारखेड्याला घ्या. मी म्हणालो, तिकडं कशाला.

“माझं नाव कुठं छापलंय का आजवर?”

मी म्हणालो, रेशनकार्डावर हाय की.

“ते कारकुनानं लिवलेलं. छापलेलं म्हणते मी. लग्नात पत्रिका नव्हती, घरोघर अक्षता दिल्या तुमच्या लोकांनी. आता मेल्यावर पेपरात द्याल. ते मला काय दिसणार हाय?”

आजारी माणूस, आणि तिरकीत नाव. मी नियम सांगितला. तिला तो माहीत होता. मी म्हणालो, आधी बरी हो, मग छापू. ती माझ्याकडं बघत राहिली, एवढंच.

मालकाच्या दाराला साखळी. आतून त्यानं कोण, कोण म्हणून विचारून घेतलं, फटीतून बघितलं, मग उघडलं. मुलगा-सून नोकरीवर गेलेले. मंजुळा खुर्चीवर बसली, धाप लागली होती. दम घेऊन तिनं सांगितलं, मला माझं नाव तिरकीत पाहिजे. मालकानं तिचा चेहरा बघितला, हातातली दवाखान्याची पिशवी बघितली. मला म्हणाला, “तू काहीतरी बोल.” मी जमिनीकडं बघत उभा.

तेव्हा त्यानं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्याची धाकटी बहीण. तिचं लग्न ठरलं, पत्रिका घरच्याच छापखान्यात. तिचं नाव त्यानं स्वतः जुळवलं, तिरकीत, पहिल्यांदाच वडलांनी त्याला पेटीला हात लावू दिला होता. छपाई झाली, दिवाळीची सुट्टी लागली. नाव फर्म्यात तसंच आवळलेलं राहिलं. सुट्टीत बहिणीला ताप भरला. सुट्टी संपून तो छापखाना उघडायला गेला तेव्हा ती नव्हती आणि तिचं नाव तिथं लोखंडी चौकटीत होतं. ते त्यानं एकेक खिळा करून मोडलं.

“मी आवळून ठेवलं होतं,” तो म्हणाला.

मंजुळा म्हणाली, “मालक, तापानं गेली ती. नाव छापल्यानं माणसं गेली असती तर मतदार यादी छापल्यावर गावात कुत्रं उरलं नसतं.”

मालक हसला नाही, पण त्याचा जबडा जरा सैल झाला. मग उठला, तोंडाला रुमाल बांधला आणि पांघरूण काढलं.

तिच्या नावात जे येतो हे मला तोवर सुचलंच नव्हतं. मालक कपाटातून पावडरचा डबा घेऊन आला, कापूस बाजूला केला, तेव्हा ध्यानात आलं. आत धड शेपटीचा एकच जे उरला होता. नाव छापलं जाणार, त्यात तिचा जीव असा, आणि दाब दिल्यावर शेपटी गेली तर? त्यानंतर मी तिच्याकडं कसा बघणार होतो?

मालकानं एम घेतला, ए घेतला, एन घेतला. जे उचलताना त्यानं दुसऱ्या हातानं मनगट धरलं. जेची शेपटी एनच्या पायाशी नीट टेकली. मग यू, एल, ए. चहूबाजूंनी दोरा गुंडाळला, शेवट आत खोचला. शाईचा रूळ माझ्या हातात दिला. मी शाई फिरवली. वर कोरं कार्ड ठेवलं, त्यावर बनातीचा, जाड लोकरी कापड लावलेला ठोकळा. दाब मला द्यायचा होता. मालकाच्या हातात जोर नव्हता, माझ्या हातात होता, पण तो जाग्यावर येईना.

“दाबा की,” ती म्हणाली. “मी काय आतून वरडणार हाय का?”

मी दाबलं. कार्ड उचललं. मालकानं डोळे मिटले होते. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतो. कार्ड तिनंच माझ्या हातातून घेतलं.

“आली बाई शेपटी,” ती म्हणाली.

तिलाही इंग्रजी येत नव्हतं. मालकानं बोट न लावता दाखवलं, हे मं, हे जु, हे ळा. तिनं मात्र बोट लावलं आणि शाई फासली. आणखी कार्डं काढली, चांगली आली, पण तिनं ते फासलेलंच ठेवून घेतलं. पत्ता नाही, वेळ नाही, डिग्री नाही. नुसतं नाव, पांढऱ्या कार्डाच्या मध्यात, थोडं पुढं झुकलेलं. मला तिथं रडायला यायला लागलं, म्हणून मी रूळ पुसत बसलो.

उन्हं उतरली. मालकानं दोरा सोडायला हात पुढं केला. तिनं त्या नावावर आपला पंजा ठेवला. “आज नको, मालक. उद्या मोडा.”

“उद्या म्हणजे?”

“उद्या म्हणजे उद्या. मी सांगंन.”

मालकानं माझ्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत जी भीती होती तशी मी रेल्वे येताना कधी बघितली नव्हती. मग त्यानं बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणला, तळाला कापूस घातला, नाव त्यात बसवलं आणि डबा तिच्या मांडीवर दिला. गारखेडा ते मुकुंदवाडी रस्त्यात किती खड्डे आहेत ते त्या दिवशी कळलं. मी रिक्षावाल्याला इतका हळू चालव म्हणालो, की तो वैतागला.

तेव्हापासून मालकाचा दर आठवड्याला फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही. उचलला की विचारायचा, “शेपटी?” मी म्हणायचो, “आहे, मालक.” तो म्हणायचा “बरं,” आणि ठेवून द्यायचा. मला राग यायचा. बायको अशी पडलेली, आणि ह्याला शेपटीचं पडलंय. एकदा मंजुळानं विचारलं, मालक काय म्हणतात. मी म्हणालो, शेपटी विचारतो.

ती म्हणाली, “सांगा, जरा वाकलीय, पण हाय.”

तेव्हा मला समजलं तो काय विचारत होता. तिला पहिल्या फोनपासून माहीत होतं.

रोज दिवे लावायच्या वेळी मी डबा उघडून तिला दाखवायचो आणि ती म्हणायची, उद्या. शेवटी तिचं बोलणं बंद झालं, तेव्हा मीच म्हणायचो. ती पापणी हलवायची.

गेली ती. त्यानंतर फोन वाजला की मला धडकी भरायची. मालकाचा आला तेव्हा तेच, “शेपटी?” मी म्हणालो, “शेपटी आहे, मालक. मंजुळा गेली.” मग तो म्हणाला, “पेटी इथंच आहे. खिळे परत घालायचे असतील तेव्हा ये. घाई नाही.” ज्यानं एक रात्र कुणाचं नाव ठेवलं नाही तो मला घाई नाही म्हणाला.

तेराव्याचा निरोप मुलाच्या मित्रानं मोबाईलवर करून दिला. खाली मराठीत मजकूर, वर तिचा फोटो आणि फुलं, नाव इंग्रजीत, तिरकं. देखणं होतं, खोटं कशाला बोलू. जेची शेपटी लांब, कुठंही न टेकता हवेत. मुलगा म्हणाला, बघा बाबा, आईच्या कार्डावर आहे तसंच आलंय. मी म्हणालो, व्हय, तसंच हाय.

मी गारखेड्याला गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. डबा माझ्या उशापाशी. आजारानं गेली हे मला कळतं, मी काय येडा नाही. तरी मन म्हणतं, तू आवळून ठेवलंस. ठेवावं तरी भीती, मोडावं तरी भीती, मोडलं की ती त्या खणांत विखरून जाणार. असं करता करता मालकही गेला. झोपेत गेला म्हणतात. मला ते खरं वाटत नाही, तो निवांत झोपणारा माणूस नव्हता. मी निरोप मिळाल्यावर गेलो, थोडे दिवस झाले होते. व्हरांड्यातलं टेबल मोकळं. त्याच्या मुलानं पेटी भंगारवाल्याला दिली होती. त्याची चूक नाही, त्याच्या लेखी ते शिसं. धोतराचं पान खिडकी पुसायला ठेवलेलं.

म्हणजे आता ह्या सात खिळ्यांना परत जायला घर नाही. मोडून ठेवू कुठं? जे एकटा राहिला की त्याची शेपटी जाणार. म्हणून नाव तसंच आहे. दोरा सैल पडतो, तर मंजुळाच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन वरून आणखी एक वेढा देतो. आम्ही अजून मुकुंदवाडीतच राहतो, रूळ जवळ. गाड्यांच्या वेळा मला पाठ झाल्या आहेत. गाडी येते, खिडकीची काच वाजायला लागते, मी डब्यावर दोन्ही हात ठेवून बसतो.

नवी भीती ही, की मी गेल्यावर काय. मुलगा दिवसभर कामावर. सून साफसफाईची, दसऱ्याला घर काढलं तेव्हा विचारत होती, मामा, ह्या डब्यात काय हाय, टाकायचा का. मी तिच्या अंगावर खेकसलो. त्यानंतर तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. काय सांगणार होतो? वेडा म्हातारा म्हणाली असती.

परवा सकाळी दूध आणायला गेलो. दुकानावर गर्दी, वेळ झाला. परतताना गाडीचा भोंगा ऐकला. धावता येत नाही, तरी धावलो. घरात शिरलो तोवर गाडी निघून गेली होती, काच अजून वाजत होती. स्वयंपाकघरातला तवा गॅसवर तसाच, भाकरी करपलेली. सून माझ्या खोलीत उभी, दोन्ही तळवे डब्यावर.

मला बघून ती जरा चपापली. म्हणाली, “मामा, गाडी आली व्हती. तुम्ही नव्हता.”

ती भाकरी बघायला पळाली. मी डबा उघडला. शेपटी एनच्या पायाशी होती. झाकण लावलं, तर त्यावर ज्वारीच्या पिठाचे दोन पंजे उमटले होते, स्वच्छ, एकही बोट न तुटता.

मी ते पुसले नाहीत.